केंद्रकापर्यंत आणि केंद्रापर्यंत: झायकोव्ह-डी लशीचं प्रकरण

"तुमची कोणती, कोव्हिशिल्ड की कोव्हॅक्सिन?" २०२१ सालच्या उन्हाळ्यात हा प्रश्न 'जेवलात का' इतक्या सहज विचारला जायचा. त्याला तिसरं उत्तरही मिळू शकलं असतं. २० ऑगस्ट २०२१ रोजी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या झायकोव्ह-डी या लशीला भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ही जगातली पहिली डीएनए लस. बारा वर्षांवरच्या मुलांनाही चालणारी आणि सुई न टोचता देता येणारी. शिवाय २५ अंश तापमानात ती किमान तीन महिने टिकते, असं कंपनी सांगत होती. आपल्या देशाचं माप घेऊनच शिवल्यासारखी. तरीही "मी झायकोव्ह-डी घेतली" असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

लस फसली असणार, असा तर्क कुणीही करेल. पण मोठ्या चाचणीत ती उत्तीर्ण झाली होती, आणि डीएनए लशीच्या तीस वर्षांच्या इतिहासात माणसांवर एवढं यश तोवर कुणालाच मिळालं नव्हतं. मग अडलं कुठे?

डीएनए लशीच्या बाबतीत 'पोहोचवणं' हा शब्द दोनदा वापरावा लागतो. रेणू पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवायचा असतो, आणि कुपी लसीकरण केंद्रापर्यंत. झायकोव्ह-डीच्या बाबतीत पहिलं काम जमावं म्हणून जे केलं, त्यानेच दुसरं काम अवघड करून ठेवलं. हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगं वाटतं ते या एका गाठीसाठी.

घोडं कुठे पेंड खातं

कल्पना ऐकायला अगदी सोपी आहे. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा गोलाकार तुकडा, म्हणजे प्लाझ्मिड, शरीरात सोडायचा. आपल्याच पेशी ती कृती वाचून प्रथिन तयार करतात आणि रोगप्रतिकारयंत्रणा त्याची ओळख ठेवते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसतं प्लाझ्मिड टोचलं. त्याला विषाणूचं वाहन नव्हतं की चरबीचं वेष्टण नव्हतं, तरी स्नायूने प्रथिन बनवलं. १९९३ मध्ये अशाच लशीने उंदरांना इन्फ्लुएंझापासून वाचवल्याचं प्रसिद्ध झालं. २००५ मध्ये घोड्यांसाठी वेस्ट नाइल विषाणूवरची आणि कॅनडात मत्स्यशेतीतल्या सामन माशांसाठीची डीएनए लस मंजूरही झाली. घोड्याला चाललं, माशाला चाललं, माणसाचं मात्र काही केल्या जमेना. दुष्परिणाम जवळजवळ नसायचे, पण प्रतिपिंडंही जेमतेमच तयार व्हायची.

याचं एक कारण उंदरातच दडलेलं होतं. उंदराच्या मांडीचा स्नायू तो केवढा! त्यात ५० ते १०० मायक्रोलिटर द्राव टोचणं म्हणजे वाटीत तांब्याभर पाणी ओतणं. द्रावाच्या त्या दाबानेच प्लाझ्मिड पेशींच्या आत ढकललं जात होतं. माणसाच्या दंडात अर्धा मिलिलिटर टोचला की तांब्या विहिरीत ओतल्यासारखं होतं, दाब म्हणून उरतच नाही. प्रयोगशाळेत लस काम करत होती ती बऱ्याच अंशी टोचण्याच्या जोरावर, हे ध्यानात यायला वेळ लागला.

दुसरं कारण पेशीच्या रचनेत आहे. पेशीला जुन्या वाड्यासारखं डोळ्यांपुढे आणा. बाहेर दिंडी दरवाजा, आत चौक, आणि त्याच्याही आत देवघर. एमआरएनए लशीचा रेणू दिंडी दरवाजातून चौकात आला की त्याचं काम झालं, कारण प्रथिनं चौकातच बनतात. डीएनएला मात्र देवघरात, म्हणजे केंद्रकात जावं लागतं. त्याची कृती वाचणारी यंत्रणा तिथेच बसलेली असते. दिंडी दरवाजाशीच पहिली अडचण येते. डीएनए ऋणभारित, पेशीपटलाचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे दोघं एकमेकांना लांबच ठेवतात. बाहेर रेंगाळलेल्या प्लाझ्मिडचे तुकडे करायला विकरं टपलेली असतात. कसंबसं आत शिरलं, तर चौकात मोकळा फिरणारा डीएनए पेशीला घुसखोरच वाटतो आणि धोक्याची घंटा वाजते. थोडी घंटा वाजणं लशीच्या पथ्यावर पडतं, जास्त वाजली तर दाह होतो. आणि देवघराचं दार? ते पेशी विभागली जात असतानाच धड उघडतं, आणि स्नायूच्या पेशी सहसा विभागत नाहीत. एवढ्या सगळ्यातून केंद्रकापर्यंत पोहोचणारं प्लाझ्मिड टोचलेल्यांपैकी अगदीच मोजकं. डीएनए लशीची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि एमआरएनएची मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते ती यामुळे.

जाता जाता एक सांगतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोट्यवधी लोकांना पुरवलेली कोव्हिशिल्डसुद्धा शेवटी डीएनएच पोहोचवते. तिथे हे काम चिंपांझीच्या एका ॲडिनोव्हायरसकडे सोपवलेलं आहे, आणि केंद्रकात शिरणं हा त्या विषाणूचा पिढीजात धंदा. म्हणजे संदेश जवळपास तोच, पोस्टमन वेगळा. 'डीएनए लस' हे नाव आपण ज्या लशीला देतो ती खरं तर पोस्टमन नसलेली लस आहे. तिच्या सगळ्या गुणांचं आणि सगळ्या दुखण्यांचं मूळ तेच. वाहन नसल्यामुळे वाहनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची भानगड नाही, विषाणू वाढवण्याचे कारखाने नकोत, जिवाणूंच्या टाकीत प्लाझ्मिड वाढवलं की झालं. पण पत्र दारात नेऊन टाकायला कुणी नाही.

तीन वाटा, तीन शहरं

२०२० मध्ये कोविडवरच्या डीएनए लशीसाठी जगात बऱ्याच ठिकाणी धडपड सुरू झाली. त्यातल्या तीन वाटा शेजारी ठेवल्या की अहमदाबादचा निर्णय नीट समजतो.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठासोबत काम करणाऱ्या अँजेस कंपनीने जुनीच वाट धरली: प्लाझ्मिड, स्नायू आणि साधी सुई. माणसांवरच्या चाचण्यांत अपेक्षेइतका प्रतिसाद दिसला नाही आणि २०२२ मध्ये कंपनीने ती लस सोडून दिली.

अमेरिकेतल्या इनोव्हिओने विजेची वाट घेतली. लस त्वचेत टोचायची आणि लगेच त्याच जागी सुयांसारख्या विद्युतअग्रांतून विजेचे क्षणिक झटके द्यायचे. त्या झटक्यांनी पेशीपटलाला पळभर छिद्रं पडतात आणि डीएनए आत ओढला जातो. प्लाझ्मिड आत घालण्यात या पद्धतीचा हात धरणारं फार काही नाही. पण आता तुमची लस म्हणजे कुपी अधिक एक विद्युतयंत्र. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांची मोठी चाचणी अडवली तेव्हा विचारलेल्या प्रश्नांत या उपकरणाबद्दलचेही प्रश्न होते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने त्या चाचणीचा निधी काढून घेतला. बॅटरीवर चालणारं यंत्र, त्याचं चार्जिंग, झटक्याची कळ: आपल्याकडच्या उपकेंद्रात हे कसं चाललं असतं, याची कल्पना न केलेलीच बरी.

झायडसने मधली वाट निवडली. प्लाझ्मिड साधंच, कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक बसवलेलं. ते द्यायचं स्नायूऐवजी त्वचेत, आणि तेही सुईशिवाय, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फार्माजेट कंपनीच्या ट्रॉपिस या उपकरणाने.

ट्रॉपिस स्प्रिंगवर चालतं, त्याला वीज लागत नाही. स्प्रिंग ताणायची, ०.१ मिलिलिटर द्राव भरलेली बिनसुईची प्लास्टिकची सिरिंज तोंडाशी बसवायची, दंडावर काटकोनात टेकवून दाबायचं. द्रावाची केसासारखी बारीक धार क्षणार्धात त्वचेत शिरते. त्वचा निवडण्यामागे दोन कारणं आहेत. रोगप्रतिकारयंत्रणेचे पहारेकरी म्हणता येतील अशा पेशी स्नायूत तुरळक असतात, त्वचेत मात्र त्यांची गर्दी असते. आणि वेगाने आलेला फवारा त्वचेच्या थरांत सुईपेक्षा अधिक पसरतो, अधिक पेशींना भिडतो. उंदराच्या इवल्याशा स्नायूत जो दाब आपोआप मिळत होता, तो इथे स्प्रिंगने उसना आणला. मला या रचनेतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

आणखी एक व्यवहारी फायदा होता. सुईने त्वचेच्या थरात लस देणं हे हातचं कसब आहे. बीसीजी देणाऱ्या सिस्टरना विचारा: सुई जवळजवळ आडवी धरून डाळीएवढा फुगवटा उठवावा लागतो, जरा खोल गेली की मात्रा वाया. उपकरण ही खोली स्वतःच सांभाळतं. नवख्या हातालाही ते जमू शकतं.

पुराव्यात काय दिसलं, काय नाही

जुलै २०२० मध्ये अहमदाबादला माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. ४८ निरोगी प्रौढांचे चार गट केले होते: एक मिलिग्रॅम सुईने, एक मिलिग्रॅम फवाऱ्याने, दोन मिलिग्रॅम सुईने, दोन मिलिग्रॅम फवाऱ्याने. लस सुरक्षित आहे हे दिसलं. प्रतिपिंडांच्या बाबतीत ठळक फरक पडला तो एक आणि दोन मिलिग्रॅममध्ये. सुई आणि फवारा यांच्यात फवाऱ्याने बाजी मारली असं काही त्या आकड्यांतून म्हणता येत नाही. दोन मिलिग्रॅम सुईने घेतलेल्यांतही प्रतिपिंडं चांगलीच तयार झाली होती. एका गटात बारा माणसं, त्यावरून उपकरणाचा निकाल लावणं शक्यही नव्हतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत ऱ्हीसस माकडांवर जो प्रयोग झाला त्यात मात्र दोन मिलिग्रॅम फवाऱ्याने दिलेल्या माकडांच्या शरीरातून विषाणू लवकर हटला. पुढच्या टप्प्यासाठी हीच जोडी ठरली: दोन मिलिग्रॅम आणि फवारा.

तिसऱ्या टप्प्यातली चाचणी १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. देशातली ४९ केंद्रं, २७,७०३ माणसं, बारा वर्षांवरची मुलंही त्यात. निम्म्यांना लस, निम्म्यांना दिखाऊ मात्रा, दोन्ही त्याच उपकरणाने. याच काळात डेल्टाची लाट देशावरून गेली. त्यामुळे या चाचणीची परीक्षा इतर लशींच्या मूळ चाचण्यांपेक्षा कठीण पेपरवर झाली, हे ध्यानात ठेवायला हवं. विश्लेषणात लक्षणं असलेले ८१ रुग्ण धरले होते: लस घेतलेल्यांत २०, न घेतलेल्यांत ६१. परिणामकारकता ६६.६ टक्के. दुष्परिणामांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, सुमारे साडेचार टक्के. एप्रिल २०२२ मध्ये हे सगळं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता एक खोच बघा. मोठ्या चाचणीत सगळ्यांना फवाराच दिला. मग ६६.६ टक्क्यांत उपकरणाचा वाटा किती, मात्रेचा किती, तीनदा देण्याचा किती? या रचनेतून ते वेगळं करताच येत नाही. एखाद्या गटाला साध्या सुईने लस देऊन बघितली असती तर उत्तर मिळालं असतं. महामारीत वेळ नव्हता, हे मान्य. परंतु एकदा परवानगी झाली ती लस आणि उपकरण यांच्या जोडीला. पुढे उपकरणामुळे खर्च वाढला, वेग मंदावला, तरी "उपकरण बाजूला ठेवून सुईने देऊ" असं म्हणण्यासाठी कुणाच्या हाती पुरावा नव्हता. चाचणीच्या आराखड्यात वाचवलेले काही महिने पुढे असे वसूल झाले.

दंडापर्यंतचा रस्ता

एका माणसाचा हिशोब मांडू. ट्रॉपिसमधून एका वेळी ०.१ मिलिलिटर जातो. दोन मिलिग्रॅम डीएनए एवढ्याशा द्रावात मावणं अवघड. एका मिलिग्रॅमला ०.१ मिलिलिटर हेच प्रमाण खूप घट्ट आहे, आणि डीएनएचा द्राव घट्ट होत गेला की काकवीसारखा चिकट होतो. म्हणून एका मात्रेत दोन फवारे, दोन्ही दंडांवर एकेक. मात्रा तीन: पहिल्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी, छप्पन्नाव्या दिवशी. म्हणजे तीन खेपा आणि सहा फवारे. प्रत्येक फवाऱ्याला नवी सिरिंज, कारण जुन्या काळी एकाच तोंडाने रांगेतल्या सगळ्यांना फवारा मारणारी यंत्रं होती आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात तशा यंत्रातून कावीळ ब पसरल्याचं उघड झालं होतं. तो धडा घेऊनच आजची उपकरणं बनतात, त्यामुळे सिरिंजच्या खर्चाला कात्री लावायची सोय नाही.

तो खर्च किती? कंपनीने सुरुवातीला तीन मात्रांचे १,९०० रुपये मागितले होते. घासाघीस होऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी मात्रांची मागणी नोंदवली ती कर वगळून ३५८ रुपये दराने: लशीचे २६५, फवाऱ्याच्या साधनाचे ९३. तीन मात्रांचे झाले १,०७४. कोव्हिशिल्ड तेव्हा सरकारला कर वगळून २०५ रुपयांना पडत होती, दोन मात्रांचे ४१०. झायकोव्ह-डीमध्ये नुसत्या फवाऱ्याच्या साधनाचे तीन खेपांचे २७९ होतात. तेवढ्यात कोव्हिशिल्डची एक मात्रा येऊन वर पैसे उरतात.

मागणी एक कोटी मात्रांची, म्हणजे माणसं फक्त तेहतीस लाख. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठून झालेला होता. तिसऱ्या लशीची जागा किती उरली होती हे त्यावरून कळतं.

सुरुवातीला सात राज्यं निवडली: बिहार, झारखंड, महाराष्ट्र, पंजाब, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल. पहिली मात्रासुद्धा न घेतलेल्या लोकांची संख्या या राज्यांत मोठी होती. महाराष्ट्राने नाशिक आणि जळगाव हे जिल्हे पुढे केले. परवानगी बारा वर्षांपासून असली तरी द्यायची ठरली ती प्रौढांनाच. प्रत्यक्ष सुरुवात पाटण्यात झाली, ४ फेब्रुवारी २०२२ ला.

या निवडीमागचा विचार मला कळतो. सुईला घाबरून न आलेले लोक बिनसुईच्या लशीला येतील, अशी आशा होती. पण फेब्रुवारी २०२२ पर्यंत एकदाही केंद्रावर न आलेला माणूस कोण होता? सुईची भीती हे त्याच्या यादीत फार तर शेवटचं कारण. नाशिक जिल्ह्याचंच घ्या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर मजुरीला उतरलेली असतात, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणीचा काळ. जो एका खेपेला आला नाही त्याला आपण तीन खेपांचं आवतण देत होतो, अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने, आणि तेही तो दर वेळी वेगळ्या गावात असताना. मुक्काम बदलला की नव्या गावच्या केंद्रावर ही लस आणि हे उपकरण असेलच असं नाही. दुसरी मात्रा कोव्हिशिल्डची घेऊन मोकळं होता येत नव्हतं. एखादं कोडं सोडवायला जितक्या अटी घालता येतील तितक्या घालून ठेवल्यासारखं हे होतं.

ज्या गटासाठी ही लस चपखल होती तो शाळकरी मुलांचा. शाळा म्हणजे एकाच जागी सापडणारी मुलं, ठरलेला वर्ग, हजेरीपट. तीन खेपा तिथे जड गेल्या नसत्या. सुईची भीतीही खरी असते ती त्याच वयात. दंडावरची देवीची खूण मिरवणाऱ्या पिढीला विचारा, देवी टोचायला माणूस आला की वर्गाच्या मागच्या खिडकीतून किती पोरं पसार व्हायची. परंतु ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली आणि १६ मार्चपासून बारा ते चौदाच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स. जिला मुलांसाठी सगळ्यांत आधी परवानगी मिळाली, ती लस मुलांच्या रांगेत दिसलीच नाही. याला नुसतं उपकरण जबाबदार नाही. परवानगी ऑगस्टची, दर ठरला नोव्हेंबरात, पुरवठा फेब्रुवारीत. महिन्याला एक कोटी मात्रा बनवण्याचा बेत ऑक्टोबरपासूनचा होता. कुपी आणि फवारणीची साधनं जोडीनेच पुरवायची होती, आणि त्यातलं उपकरण परदेशी कंपनीचं. साधी एडी सिरिंज, म्हणजे एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी, मात्र आपल्याकडे तालुक्याच्या भांडारातही थप्पीने पडलेली असते.

एप्रिल २०२२ मध्ये तीन मिलिग्रॅमच्या दोन मात्रांच्या रूपालाही परवानगी मिळाली. खेपा तीनच्या दोन झाल्या. पण तोवर ओमायक्रॉनची लाट येऊन ओसरली होती आणि लसीकरण केंद्रांवर सिस्टर लाभार्थ्यांची वाट बघत बसलेल्या होत्या.

मी तिथे असतो तर

निकाल माहीत झाल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. तरी दोन गोष्टी त्या वेळीच दिसण्यासारख्या होत्या, असं मला वाटतं.

एक, खेपांची संख्या हा औषधशास्त्राचा प्रश्न धरला गेला. दोन मिलिग्रॅम तीनदा की तीन मिलिग्रॅम दोनदा, हे ठरवताना प्रतिपिंडांचे आलेख समोर असतात. आशासेविकेची वही समोर नसते. तीन मिलिग्रॅमचा गट पहिल्याच टप्प्यात घेतला असता तर कदाचित सुरुवातच दोन खेपांनी झाली असती. आणि मात्रा वाढवण्याला डीएनए लशीत फारशी भीतीही नव्हती, कारण सुरक्षितता ही तिची सगळ्यांत जुनी आणि भक्कम बाजू.

दोन, प्लाझ्मिड स्वतः सुधारण्याकडे कमी लक्ष गेलं. जिवाणूत वाढवण्यासाठी लागणारे जनुकांचे तुकडे काढून प्लाझ्मिड लहान करता येतं. मग तेवढ्याच वजनात रेणूंची संख्या वाढते आणि लहान रेणू आत शिरायलाही सोपा. प्रतिसाद वाढवणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोबत देता येतं. दक्षिण कोरियात जीनवन कंपनीच्या लशीसोबत त्वचा हलकेच शोषून ओढणारं साधं उपकरण वापरून बघितलं गेलं: लस त्वचेत टोचायची आणि त्या जागी काही क्षण शोषण लावायचं. आपल्या तुंबड्या लावणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल. एमआरएनएसारखं चरबीच्या कणांत डीएनए गुंडाळणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय. पण तिथे चौकातली ती धोक्याची घंटा फार जोरात वाजते, आणि ती आवरल्याशिवाय ती वाट खुली नाही. यातलं काहीही २०२० मध्ये हातात तयार नव्हतं, त्यामुळे दोष द्यायचा नाही. फक्त एवढंच की प्लाझ्मिड जेवढं हुशार, तेवढा उपकरणावरचा भार कमी. झायकोव्ह-डीत जवळपास सगळा भार उपकरणाने आणि मात्रेने वाहिला.

उपकरणाबद्दल मात्र गैरसमज नको. हेच ट्रॉपिस पाकिस्तानात कराचीत पोलिओच्या मोहिमेत वापरलं गेलं. निष्क्रिय पोलिओ लशीची पूर्ण मात्रा अर्धा मिलिलिटर असते; त्वचेत दिली की तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे नेमका ०.१ मिलिलिटर पुरतो. एका मुलाला एक फवारा, आणि एका मात्रेत पाच मुलं. तिथे उपकरणाचा खर्च लशीच्या बचतीतून निघतो. झायकोव्ह-डीत त्याच्या उलट होतं. मात्रा उपकरणात मावत नव्हती, म्हणून फवारे दुप्पट, आणि लशीची बचत शून्य.

हे गणित पुण्यात कुणीतरी नीट मांडलेलं दिसतं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनसाठीची एमआरएनए लस, जेमकोव्हॅक-ओएम, जून २०२३ मध्ये आणली तीही ट्रॉपिसनेच त्वचेत द्यायची होती. मात्रा फक्त दहा मायक्रोग्रॅम, झायकोव्ह-डीच्या एका मात्रेचा दोनशेवा भाग. एक खेप, एक दंड, ०.१ मिलिलिटर. कुपी गोठवून वाळवलेली, साध्या फ्रिजमध्ये टिकणारी. लस आणि उपकरण एकमेकांच्या मापाची होती. पण ती बाजारात आली तेव्हा कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि वर्धक मात्रेसाठी दंड पुढे करणारे शोधावे लागत होते.